हरिपुऱ्याच्या वेशीवरचा चित्रकार

बारडोलीहून कडोदच्या रस्त्याला लागले की तेरा-चौदा किलोमीटरवर तापीकाठी हरिपुरा हे गाव येते. आपल्यापैकी अनेकांचे त्या बाजूला जाणे-येणे असते. कोणाची व्हिजिट असते, कोणाचे एखादे आरोग्य-शिबिर असते, तर कोणी उसाच्या हंगामात तोडणी-कामगारांच्या पालांवर तपासणीला जातो. पावसाळ्यात उकाईतून पाणी सोडले की हरिपुऱ्याचा कॉजवे पाण्याखाली गेल्याची बातमी येते आणि तेवढ्यापुरते ते नाव आपल्या कानांवर पडते. थोडे जाणते लोक सांगतात, की १९३८ च्या फेब्रुवारीत येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले होते आणि सुभाषबाबू त्याचे अध्यक्ष होते. एवढी माहिती पुष्कळ झाली असे मीही बरीच वर्षे समजत होतो.

पुढे दिल्लीला एका परिषदेच्या निमित्ताने गेलो असता, दुपारचे सत्र टाळून (हा अपराध आपणांपैकी कोणी केला नसेल, असे नाही) राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात शिरलो. तेथे एका भिंतीवर चौकोनी चित्रांची ओळ होती आणि खाली लिहिले होते 'हरिपुरा पोस्टर्स, नंदलाल बोस'. आपल्या दवाखान्यापासून अर्ध्या तासावरच्या गावाचे नाव दिल्लीच्या भिंतीवर वाचावे, आणि त्याचा आपल्याला पत्ताही नसावा, याचा संकोच वाटला. त्या संकोचातून पुढे जे वाचले, पाहिले, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

नंदलाल बोस यांचा जन्म ३ डिसेंबर १८८२ रोजी बिहारमधील मुंगेर जिल्ह्यातल्या खरगपूर येथे झाला. वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई क्षेत्रमणीदेवी मुलांसाठी घरी बाहुल्या नि खेळणी घडवीत असे. मुलगा आठ वर्षांचा असताना ती गेली. गावातले कुंभार आणि मूर्तिकार हे त्याचे पहिले गुरू. कलकत्त्याला शिक्षणासाठी आल्यावर मात्र परीक्षांशी त्यांचे जमले नाही. कॉलेजे बदलली, वाणिज्य शाखा घेतली, तरी अपयशाची मालिका सुटेना. शेवटी घरच्यांची समजूत घालून त्यांनी १९०५ च्या सुमारास सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ ठाकुरांकडे प्रवेश मिळविला. मुलाला डॉक्टरच करायचे या हट्टापायी ज्या घरांत आज खिन्नता पसरलेली असते, त्या घरांनी हे चरित्र अवश्य वाचावे.

मराठी वाचकाला जवळचे वाटावे असे त्यांच्या आयुष्यातले पहिले पर्व अजिंठ्याचे आहे. १९०९-१० च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम नावाच्या इंग्रज विदुषी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करावयास आल्या, तेव्हा भगिनी निवेदितांच्या आग्रहावरून नंदलाल, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकार त्यांच्या मदतीला गेले. लेण्यांतला अंधार, वटवाघळे आणि मचाण बांधून केलेले काम अशा परिस्थितीत नंदलालांनी दीड हजार वर्षांपूर्वीच्या रेषा इंचाइंचाने गिरविल्या. भिंतीवर चित्र कसे उभे राहते हे त्यांनी तेथे पाहिले. खडबडीत दगडावर माती, भुसा आणि तंतू यांचा गिलावा, वर चुन्याचा पातळ हात, त्यावर गेरू, पिवळी माती आणि काजळी यांचे रंग. चित्रविषय जातककथांचे, परंतु त्यांत फळे विकणारी, पाणी भरणारी, मुलाला कडेवर घेतलेली माणसे जागोजाग आहेत. राजपुत्राइतक्याच आदराने अजिंठ्याच्या चित्रकाराने त्याची चवरी ढाळणारी दासी रंगविली आहे. नंदलालांच्या पुढच्या सगळ्या कामाची गुरुकिल्ली मला येथे सापडते.

रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात कलाभवन उभारले, तेव्हा त्याची धुरा त्यांनी नंदलालांकडे सोपविली. १९२२ पासून १९५१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथे प्रमुख होते. 'मास्टरमोशाय' हीच त्यांची पदवी झाली. आपल्या कोल्हापूरचे विनायक मासोजी हे कलाभवनातील अगदी आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी होते आणि पुढे तेथेच शिक्षकही झाले, हे मुद्दाम नमूद करतो. १९२१ मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील बाघच्या लेण्यांची नक्कल, १९२४ मध्ये रवींद्रनाथांसमवेत चीन-जपानचा प्रवास, असे करीत करीत भिंत हा नंदलालांचा ध्यास बनला. जयपूरहून नरसिंगलाल नावाच्या कारागिराला त्यांनी शांतिनिकेतनात बोलावून घेतले आणि ओल्या चुन्यावर रंग लावण्याची राजस्थानी पद्धत विद्यार्थ्यांसह शिकून घेतली. कलाभवनाच्या प्रमुखाने मिस्त्रीच्या हाताखाली बसावे ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

ओल्या गिलाव्याचे चित्र म्हणजे काय, हे आपल्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर चुना वाळताना हवेतील कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचे पुन्हा चुनखडीत रूपांतर होते. त्या अवधीत लावलेला रंग चुनखडीच्या स्फटिकांत बांधला जातो, पृष्ठावर नुसता चिकटून राहत नाही. म्हणून तो टिकतो. पण अवधी थोडा असतो. गिलावा वाळण्यापूर्वी हात पूर्ण झाला पाहिजे आणि चुकलेली रेषा पुसता येत नाही. शल्यचिकित्सकांना ही अवस्था अपरिचित नसावी. श्रीनिकेतनात १९३० च्या सुमारास नंदलालांनी रंगविलेले 'हलकर्षण' हे भित्तिचित्र याच तंत्राचे. नांगरणीचा उत्सव हा त्याचा विषय आहे.

त्याच वर्षी दांडीयात्रा झाली. दांडी येथून फार दूर नाही, नवसारीपलीकडे समुद्रकाठी आहे. नंदलालांनी हातात काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचे लिनोवर कोरलेले चित्र तेव्हाच छापले. काळ्यावर पांढऱ्या मोजक्या रेषा, बाकी काही नाही. हे चित्र आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिलेले आहे, फक्त चित्रकाराचे नाव आपल्याला ठाऊक नसते.

गांधीजींनी या चित्रकाराला हेरले होते. १९३६ मध्ये लखनौच्या अधिवेशनात त्यांच्याकडून भारतीय कलेचे प्रदर्शन मांडून घेतले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात फैजपूरला बोलावले. जळगाव जिल्ह्यातील, यावल तालुक्यातील फैजपूर! आपल्या मंडळातील निम्म्याहून अधिक कुटुंबांची मुळे ज्या खान्देशात आहेत, तेथलेच हे गाव. काँग्रेसचे अधिवेशन खेड्यात भरविण्याचा तो पहिलाच प्रयोग होता. साने गुरुजींसारख्यांनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. गांधीजींची अट अशी, की जे काही उभारायचे ते गावच्या सामानातून आणि गावच्या हातांनी. नंदलाल बिचकले. आपण चित्रकार, मांडव-कमानींचे काम आपले नव्हे, असे त्यांना वाटले. पण गांधीजींनी ऐकले नाही. अखेरीस वास्तुरचनाकार म्हात्रे आणि नंदलाल यांनी बांबू, चटया, गवत यांतून 'टिळकनगर' उभे केले. गांधीजींनी भाषणात दोघांचे नाव घेऊन कौतुक केले.

फैजपूर आणि हरिपुरा ही दोन्ही गावे तापीच्याच खोऱ्यातली. आपल्या पूर्वजांनी तापी व्हॅली रेल्वेने जी वाट धरली, साधारण त्याच दिशेने सव्वा वर्षाने काँग्रेस खान्देशातून गुजरातेत उतरली. सरदार पटेलांनी जागा निवडली आणि त्यांच्या थोरल्या बंधूंच्या स्मरणार्थ छावणीला 'विठ्ठलनगर' हे नाव दिले. दहा वर्षांपूर्वीच्या बारडोली सत्याग्रहाने हा टापू देशाच्या नकाशावर आधीच आणला होता. अधिवेशन एकावन्नावे, म्हणून अध्यक्षांच्या रथाला एकावन्न बैल. पुष्कळ वर्षांपूर्वी कडोदकडचे एक वृद्ध गृहस्थ माझ्याकडे रक्तदाब तपासायला येत. लहानपणी त्यांनी तो रथ वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला होता. बैलांच्या शिंगांना काय लावले होते, धूळ किती उडाली, हे ते तपशिलाने सांगत. मी एकदा विचारले, "दादा, आणि चित्रे? कमानींवर चित्रे होती ना?" ते विचारात पडले. मग म्हणाले, "हशे, साहेब. चित्र तो हशे." म्हणजे असतील.

चित्रे होती. नंदलालांनी स्वतः ऐंशीहून अधिक रंगविली आणि कलाभवनातील विद्यार्थी-सहकाऱ्यांनी त्यांच्या प्रती केल्या. सगळी मिळून संख्या चारशेच्या घरात गेली. प्रत्येक चित्र सुमारे दोन फूट लांब-रुंद. हातकागद पुठ्ठ्यावर चिकटविलेला, रंग मातीचे आणि खनिजांचे, कुंचला जाड. ही चित्रे छावणीच्या प्रवेशद्वारांवर आणि मांडवांवर लावली होती. हजारोंच्या गर्दीतल्या चालत्या माणसाला ती दिसायची होती. तेव्हा बारकाव्याला वाव नव्हता. रंगाचा सपाट पट्टा, त्यावर वेगाने फिरलेली एकच काळी रेषा आणि आकृतीभोवती देवळातल्या कोनाड्यासारखी कमान. बंगालच्या पटचित्रांतला धीटपणा आणि अजिंठ्याची रेषा येथे एकत्र आली आहे.

कमानीत देव नाहीत. ढोल बडविणारा ढाकी आहे, शिकारी आहे, कुंभार, सुतार, चांभार आहेत, बैलाला आवरणारा गडी आहे, मूल घेतलेली आई आहे. कान कोरणारासुद्धा आहे! आपल्या कान-नाक-घसातज्ज्ञ मित्रांनी या व्यवसायबंधूबद्दल फारसे चांगले उद्गार काढले नाहीत, हे मी येथे नोंदवून ठेवतो. पण चित्र पाहिल्यावर त्यांनाही हसू आवरले नाही. कान देणाऱ्याच्या चेहऱ्यावर जी समाधी लागली आहे, ती आमच्या तपासणीच्या खुर्चीत कधी दिसत नाही.

काही समीक्षक या चित्रांत भारतीय खेड्याचे सार पाहतात. मला ते पूर्णपणे पटत नाही. ढाकी हा बंगालचा, हरिपुऱ्याच्या हळपतींच्या वस्तीत तो कधी वाजला नसेल. तापीकाठचे आदिवासी या मालिकेत शोधावेत तर फारसे हाती लागत नाहीत. शांतिनिकेतनच्या आसपासचे वीरभूम आपल्या वेशीवर येऊन उभे राहिले, असे म्हणणे अधिक खरे. तरी या कामाचे मोल त्याने उणावत नाही. राजकीय अधिवेशनाच्या दारावर पुढाऱ्यांच्या तसबिरी लावण्याची रीत तेव्हाही होती. नंदलालांनी एकाही पुढाऱ्याला त्या कमानींत बसविले नाही. सुभाषबाबू, जवाहरलाल, सरदार आणि खुद्द गांधीजी ज्या दारांतून आत गेले, त्या दारांवर चांभार आणि पिंजारी होते.

पिंजाऱ्याच्या त्या चित्राची एक छापील प्रत मी चौकट करून माझ्या दवाखान्यात लावली आहे. खरे सांगतो, पहिल्यांदा ते चित्र पाहिले तेव्हा माझ्या मनात काय आले असेल, तर त्याची फुप्फुसे. कापसाची धूळ, सोमवारी सकाळी छातीत दाटणारा दमा, पाठ्यपुस्तकातले ते प्रकरण. आपल्या धंद्याचा हा गुण आहे आणि दोषही. समोर माणूस आला की आपल्याला विकृती आधी दिसते. नंदलालांना त्या माणसाच्या खांद्यापासून मनगटापर्यंत गेलेला धनुकलीचा ठेका दिसला. सुरतेकडून आलेला एक म्हातारा रुग्ण एकदा त्या चित्रापुढे बराच वेळ उभा राहिला. त्याने आयुष्यभर गाद्या भरल्या होत्या. आत आल्यावर छातीची तक्रार सांगण्याआधी तो म्हणाला, की चित्रातल्या माणसाने हात बरोबर धरला आहे. त्या दिवशी मी त्याला त्याच्या कामाविषयी जितके विचारले, तितके त्यापूर्वीच्या पाच वर्षांत विचारले नव्हते. आणि औषधाची मात्रा ठरविताना ते उपयोगी पडले.

नंदलाल स्वतः रोज रेखाटने करीत. खिशात पोस्टकार्डाएवढे कागद असत. चालताना दिसलेले झाड, बकरी, बाजारातला माणूस त्यांवर उतरत असे. विद्यार्थ्यांना धाडलेल्या पत्रांतही मजकुराशेजारी चित्र असे. अशी हजारो कार्डे त्यांनी काढली. हरिपुऱ्याची चित्रे थोड्या अवधीत इतकी झरझर उतरली, त्याचे कारण ही रोजची नोंदवही होय.

अधिवेशन संपले, विठ्ठलनगर मोडले, बांबू पुन्हा गावात गेले. नंदलाल मात्र गुजरातेत परत आले, आणि आता त्यांना बोलावणारे घराणे मराठी होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर सयाजीराव झाला, ही कथा आपणांस ठाऊक आहेच. आपल्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या सुमारास महाराजांनी विश्वामित्रीजवळ गायकवाड घराण्याच्या स्मृत्यर्थ कीर्तिमंदिर बांधविले. त्याच्या मध्य दालनाच्या चारही भिंती नंदलालांनी रंगविल्या. पहिली भिंत 'गंगावतरण' १९३९ ची. त्याच वर्षी फेब्रुवारीत सयाजीराव निवर्तले. पण काम थांबले नाही. १९४० मध्ये मीराबाईचे चरित्र, १९४३ मध्ये रवींद्रनाथांच्या नाटकावरून 'नटीर पूजा' आणि १९४५-४६ मध्ये कुरुक्षेत्रावरील अभिमन्युवध. विद्यार्थ्यांचा चमू घेऊन ते येत, एक भिंत पुरी करीत आणि परत जात. सात वर्षांत चार भिंती.

या चौघांत मला 'नटीर पूजा' सर्वांत थोर वाटते. श्रीमती ही राजदरबारची नर्तकी. स्तूपाची पूजा करणाऱ्यास देहदंड, अशी राजाज्ञा असताना ती स्तूपापुढे नाचते. नाचता नाचता एकेक दागिना उतरवते, आत भिक्षुणीचे वस्त्र असते आणि तेथेच तिचा वध होतो. १९२० च्या दशकात शांतिनिकेतनच्या मंडळींनी हे नाटक केले, तेव्हा श्रीमतीची भूमिका नंदलालांची कन्या गौरी हिने केली होती. त्या काळात भद्र घरातील मुलीने रंगमंचावर नाचावे, याला धैर्य लागे. पंधरा-सोळा वर्षांनी बाप भिंतीवर ती नर्तकी काढतो तेव्हा त्याच्या मनात कोण असेल, हे सांगावयास नको. आणि वर्ष १९४३, बंगालच्या दुष्काळाचे. त्याच वर्षी त्यांनी 'अन्नपूर्णा' हे चित्र काढले. तीत देवीपुढे भिक्षा मागणारा शिव हाडांचा सापळा आहे. उपासमारीचे शरीर आपण वैद्यकाच्या पुस्तकांत पाहिले आहे. देवाच्या देहावर ते पाहण्याची सवय आपल्याला नाही.

स्वातंत्र्यानंतर संविधानाची हस्तलिखित प्रत सजविण्याचे काम नंदलाल आणि त्यांच्या शिष्यमंडळाकडे आले. प्रेमबिहारी रायजादांचे सुंदर अक्षर, आणि प्रत्येक भागाच्या आरंभी चित्र. त्यांत मोहेंजोदडोचा वृषभ आहे, छत्रपती शिवाजीमहाराज आहेत, दांडीयात्रेचे गांधीजी आहेत आणि हरिपुऱ्याचे अध्यक्ष सुभाषबाबूही आहेत. चित्रकारांच्या यादीत मासोजींचे नाव आहे. १९५४ मध्ये नंदलालांना पद्मविभूषण मिळाले. १६ एप्रिल १९६६ रोजी कलकत्त्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या शिष्यांपैकी एकाचा उल्लेख डॉक्टरांच्या स्मरणिकेत न करणे योग्य होणार नाही. विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी जन्मतःच अधू होती. एका डोळ्याने दिसत नसे आणि दुसऱ्याने अतिशय कमी. तशा स्थितीत त्यांनी शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात संतांच्या जीवनावरील प्रचंड भित्तिचित्र रंगविले. १९५६-५७ च्या सुमारास मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन ते पूर्ण अंध झाले. त्यानंतरही कागद कापून, चिकटवून ते चित्रे करीत राहिले आणि टाइल्सचे एक भित्तिचित्रही त्यांनी घडविले. सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. आपल्या नेत्रतज्ज्ञ सहकाऱ्यांनी तो मिळवून पाहावा. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे पुढे काय होते, हे आपल्या कागदपत्रांत क्वचितच लिहिलेले असते.

नंदलालांची चित्रे आता कायद्याने राष्ट्रीय ठेव मानली जातात. ती देशाबाहेर विकता येत नाहीत. २०१९ मध्ये गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने हरिपुऱ्याची काही चित्रे व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात भारताच्या दालनात मांडली होती. माती आणि पुठ्ठ्याची ती चित्रे, चार दिवसांच्या जत्रेसाठी केलेली. आमच्या कडोदच्या आजोबांना ती आठवली नाहीत, याचे मला आता नवल वाटत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाला एकावन्न बैल दिसत असताना कुंभाराचे चित्र का दिसावे? कुंभार तर त्याच्या आळीतच होता.

बडोद्याला आपले जाणे वारंवार होते. मुले तेथे शिकतात, परिषदा भरतात. पुढच्या खेपेस दोन तास काढून कीर्तिमंदिरात जावे. दालन उघडे असेल की नाही याची आधी चौकशी करावी, कारण ते नेहमीच खुले नसते. आणि 'नटीर पूजा' पाहताना नर्तकीच्या पायांकडे प्रथम पाहावे, चेहरा नंतर.